उखाण्याची मालकीण

भर लग्नात मनवा कोठावदेच्या कानातली कुडी तांबडी झाली, आणि तीही नवऱ्याचं नाव घेताना.

लग्न पुतण्याचं होतं, नाशिकला. नव्या नवरीनं नाव घेऊन झालं आणि बायकांचा मोर्चा मनवाकाकूकडे वळला. "काकू, तुमचा तो कढीचा! कढीचा!" मनवानं आढेवेढे घेतले नाहीत. बावीस वर्षं प्रत्येक लग्नाला, बारशाला, हळदीकुंकवाला ती हाच उखाणा घेत आली होती आणि लोक बावीस वर्षं त्याला हसत आले होते. एरवी ती नवऱ्याला दिवसातून पन्नास वेळा नावानं हाका मारायची, त्याचं कुणाला काही नव्हतं. पण उखाण्यातलं नाव म्हणजे उखाण्यातलं नाव. तिनं पदर सावरला.

"कढी फुटली, पोळी करपली, मीठ पडलं जास्त,
कैवल्यचं नाव घेते, म्हणतो, 'झालंय मस्त!'"

हशा पिकला आणि अर्ध्यातच विरला. मनवाच्या कानात टक् असा आवाज झाला होता आणि तिच्या कुडीचा मधला खडा लालभडक होताना समोरच्या साऱ्यांनी पाहिला होता. तिच्या मनगटावरच्या पट्टीवर अक्षरं उमटली: 'सदर वाक्य जुईली मालपुरे, नाशिक, यांच्या मालकीचे आहे. जाहीर उच्चारासाठी त्यांची परवानगी घ्यावी.'

"अगं बाई, नवरा हिचा आणि उखाणा तिचा?" मागून पट्टीत डोकावून एक मावशी म्हणाल्या. त्यांना वाटलं आपण विनोद केला.

मनवानं कैवल्यकडे पाहिलं. तो पुरुषांच्या घोळक्यात बासुंदीची वाटी घेऊन उभा होता आणि वाटीत टक लावून बघत होता. बासुंदीत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

आता या कुडीबद्दल सांगायला हवं. यंत्रं दिवसाला लाखो गाणी, गोष्टी आणि भाषणं पाडू लागली, तेव्हा कोणतं वाक्य माणसाचं आणि कोणतं यंत्राचं हे कळेनासं झालं. कवी रडकुंडीला आले, वकिलांची चांदी झाली. मग मेंदूच्या अभ्यासकांना एक गोष्ट सापडली. माणूस एखादं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा रचतो तेव्हा, जीभ हलण्याआधी, मेंदूचे एरवी एकमेकांशी फारसं न बोलणारे दोन भाग क्षणभर एका तालात थरथरतात. या थरथरीला त्यांनी उगमलहर असं नाव दिलं. तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणताना ही लहर उठत नाही. तव्यावर पोळी एकदाच टम्म फुगते, नंतर कितीही वेळा गरम केली तरी तशी फुगत नाही, तसंच हे. ही लहर कानाजवळ टिपता येते, म्हणून बायकांसाठी कुडी निघाली आणि पुरुषांसाठी भिकबाळी. एरवी तिचा खडा राखाडी असतो. नवं वाक्य सुचलं की पांढरा चमकतो आणि वाक्य आपोआप तुमच्या नावावर चढतं. दुसऱ्याचं वाक्य तोंडातून निघालं की तो तांबडा होतो.

सहा वर्षांपूर्वी याचा कायदा झाला. दहापेक्षा जास्त माणसांसमोर दुसऱ्याचं वाक्य बोलायचं तर मालकाची परवानगी हवी. तीनदा कुडी तांबडी झाली की महिनाभर जाहीर बोलायला बंदी. घरात मात्र कुणी काहीही बोलावं, खडा तेवढा रंग दाखवणार. हा कायदा सरकारनं लादला नव्हता. लोकांनीच मोर्चे काढून मागून घेतला होता.

मनवा या कायद्याच्या विरोधात होती. ती बालवाडी चालवायची आणि तिथं गाणं म्हणावं तर कानात टक्, गोष्ट सांगावी तर टक्, असं होऊ लागल्यावर ती मोकळं बोल मंचात शिरली आणि बघता बघता त्याची चिटणीस झाली. येत्या शुक्रवारी जनसुनावणी होती. उखाणे, अंगाया, लाडाची नावं, अशी घरगुती वाक्यं कायद्यातून वगळावीत ही मंचाची मागणी होती, आणि मुख्य भाषण मनवाचं होतं.

मग सहा वर्षं जो उखाणा चालला तो आत्ताच का अडला? कारण महिन्यापूर्वी अगदी जुन्या, चाचणीच्या काळातल्या नोंदीही सरकारी वहीत चढवल्या गेल्या. पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्या कुड्या आणि भिकबाळ्या कॉलेजातल्या पोरापोरींच्या कानांत घालून पाहिल्या होत्या. त्या पोरापोरींत एक कैवल्य होता.

"कोण ही जुईली?" घरी येऊन चपला काढायच्या आत मनवानं विचारलं.

"कॉलेजातली. त्या चाचणीत आम्ही एकत्र होतो."

"एकत्र म्हणजे?"

"म्हणजे एका गटात."

"कैवल्य, मी विचारते काय आणि तू सांगतोस काय!"

कैवल्य पाणीपुरवठ्यात अभियंता होता आणि बोलायला फार मोजका. तो खुर्चीत बसला. "उखाणा मीच केलाय, मनवा. शपथ. तिच्या नावावर कसा गेला मला खरंच माहीत नाही."

"माझ्यासाठी केलास?"

कैवल्यला खोटं बोलता येत नसे. याच गुणावर भाळून मनवानं त्याच्याशी लग्न केलं होतं आणि आज तिला तो गुण मुळीच नको होता.

"लग्नाच्या आदल्या दिवशी तू म्हणालीस, मला काही सुचत नाही, तूच एक दे. मी दिला."

"मी ते विचारलं नाही. माझ्यासाठी केलास का? माझी कढी कधी फुटली रे?"

खरंच कधी फुटली नव्हती. साऱ्या कोठावद्यांत मनवाच्या कढीचं नाव होतं. कुणाकडे शंभर पानं उठायची असली तरी कढीला हात मनवाचाच लागायचा. लोक हसायचे ते त्यामुळेच, की इतकी सुगरण बाई स्वतःबद्दल असं उलटं बोलते. मनवालाही वाटत आलं होतं की नवऱ्यानं मुद्दाम उलटी गंमत केलीय. आता तिच्या ध्यानात आलं की ती गंमत नव्हतीच. कुठल्यातरी स्वयंपाकघरात कढी खरोखर फुटली होती, पोळी खरोखर करपली होती, आणि हा माणूस बोटं चाटत खरोखर मस्त म्हणाला होता. बावीस वर्षं मनवा दुसऱ्या बाईची फुटलेली कढी चारचौघांत मिरवत होती.

मनवाला मत्सर वाटला. तिनं जुईली मालपुरेचा फोटो शोधून काढला. बाई दिसायला बेताचीच होती. तेही मनवाला सोसलं नाही, कारण सुंदर असती तर निदान कारण तरी कळलं असतं.

ओवीताई ही मनवाची आत्येबहीण. वाक्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या उगम कार्यालयाच्या प्रयोगशाळेत ती पंधरा वर्षं लहरी वाचत होती. सोमवारी सकाळी मनवा तिच्यासमोर जाऊन बसली.

"ताई, ही नोंद खोटी आहे. खोडून काढ."

"खोडायला ती पाटी आहे का गं?" असं म्हणत ओवीताईनं नोंद पडद्यावर घेतली. नोंदीवर हरकत घेणाऱ्याला ती पाहायची मुभा होती. पडद्यावर दोन रेघा आल्या. ओवीताई चष्मा वर करून पुढं वाकली. "अरेच्चा. हे बघ. वरची रेघ कानाची, खालची लहरीची. रचणाऱ्याच्या डोक्यात आधी लहर उठते, मग तो बोलतो, मग त्याचं त्याला ऐकू येतं. इथं उलटं आहे. आधी कान, मग लहर. हिनं उखाणा रचलेला नाही. हिनं ऐकलाय."

"मग ही मालकीण कशी?"

"रचणाऱ्यानं तेव्हा भिकबाळी काढून ठेवली असणार. त्याची नोंदच नाही. आणि ऐकता ऐकता हिच्या मेंदूत लहर उठली. कुडी बिचारी काय करणार, तिला वाटलं हिलाच सुचलं."

"नुसतं ऐकून लहर उठते?"

"फार क्वचित. लाखात एखाद्याला, आयुष्यात एखाद्या वेळी. आम्ही त्याला प्रतिउगम म्हणतो. म्हणजे असं की, ऐकणारा ते वाक्य इतकं आत घेतो, इतकं आत घेतो, की..." ओवीताई अडखळली. शास्त्रज्ञ असा अडखळला की समजावं, इथं त्याचं शास्त्र संपलं. "की ते त्याच्याच आत जन्मल्यासारखं होतं."

"म्हणजे खूप आवडलं की."

"नुसतं आवडून भागत नाही गं."

मनवानं खुर्ची पुढं ओढली. "आता माझी काढ," ती म्हणाली. "लग्नाच्या आदल्या दिवसाची. साखरपुड्यात सासूबाईंनी मला कुडी घातली होती, नवीनच निघाल्या होत्या तेव्हा. त्यानं मला उखाणा सांगितला तेव्हा ती माझ्या कानात होती."

"कशाला उकरून काढतेस?"

"काढ म्हटलं ना, ताई."

ओवीताईनं काढली. वरची रेघ हलली होती. खालची पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली होती. खाली लिहिलं होतं: ऐकीव, लहर शून्य.

"लग्नघर होतं, डोक्यात शंभर गोष्टी असतील तुझ्या," ओवीताई घाईनं म्हणाली.

"हो. मांडववाल्याला फोन लावायचा राहिला होता," मनवा म्हणाली आणि पर्स उचलून उठली.

दारापर्यंत ओवीताई तिच्यामागं आली. "हे बघ, शुक्रवारी तुमची मागणी मान्य झाली की असल्या वाक्यांवर कुणाचीच मालकी उरणार नाही. खुशाल उखाणा घे. तुझा प्रश्न मिटला."

"कुणाचीच नाही म्हणजे माझीही नाही."

"तुझी कधी होती?" ओवीताईच्या तोंडून निघून गेलं, आणि मग तिनं जीभ चावली.

बुधवारी दुपारी मनवा मखमलाबादला जुईलीच्या दारात उभी होती. आपण भांडायला आलोय की काही मागायला, हे तिचं तिला ठरवता आलं नव्हतं. जुईलीनं दार उघडलं. पन्नाशीकडे झुकलेली बाई, मातीपरीक्षणाची छोटी प्रयोगशाळा चालवणारी, एकटीच राहणारी. हाताला पीठ होतं.

"तुम्ही मनवा ना? कुणी वाक्य वापरलं की माझ्या पट्टीवर नाव येतं. तेव्हापासून वाट बघतेय तुमची. या, जेवूनच जा."

स्वयंपाकघरात कढी फुटली होती. पाणी एकीकडे, कण एकीकडे. आच मंद ठेवायची आणि उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही, एवढंच असतं त्यात. मनवा ते सांगू शकली असती. तिनं सांगितलं नाही.

"तुम्ही कुठं घेता तो उखाणा?" तिनं थेट विचारलं.

"मी?" जुईली हसली. "मी कुठं घेणार? त्याचं नाव आहे त्यात. ते घ्यायचा मला काय अधिकार? चोवीस वर्षांत एकदाही तोंडातून काढलेला नाही. गंमत बघा, कायदा म्हणतो तो माझा, तर मला म्हणता येत नाही. तुम्हाला म्हणता येतो, तर कायदा आड येतो."

"तुमचं मोडलं का?"

"मोडायला काही ठरलं कुठं होतं! मी तीन वर्षं बाहेर शिकायला गेले. परत आले तेव्हा तुमचं लग्न झालेलं." तिनं हात पुसून मनगटावरच्या पट्टीला बोट लावलं. "थांबा, तुम्हाला आत्ताच कायमची परवानगी देऊन टाकते."

"नको!" मनवा एवढ्या जोरात म्हणाली की जुईली दचकली. "माझ्या नवऱ्याचं नाव मी तुमच्या परवानगीनं घेऊ?"

"मग नोंदच रद्द करू. मी लिहून देते की त्यानं केला, मी फक्त ऐकला."

कुणाच्या चांगुलपणाचा मनवाला इतका राग कधी आला नव्हता. ही बाई भांडली असती, अडून बसली असती, तर मनवा मोकळ्या मनानं तिचा द्वेष करू शकली असती. तेवढंही तिनं ठेवलं नव्हतं. आणि मग मनवानं एक गोष्ट केली, जिची तिला पुढं बरेच दिवस लाज वाटली. जुईलीच्या कानाकडे नजर रोखून ती सावकाश म्हणाली, "कढी फुटली, पोळी करपली, मीठ पडलं जास्त, कैवल्यचं नाव घेते, म्हणतो, 'झालंय मस्त.'"

मनवाच्या कानात टक् झालं. तिची कुडी तांबडी झाली होती.

जुईलीचा खडा पांढरा चमकला. चोवीस वर्षांपूर्वीचं वाक्य, तेही परक्या तोंडून ऐकलेलं, आणि तरी चमकला. जुईलीनं पिठाचा हात कानावर नेला, पण तोवर दिसायचं ते दिसून गेलं होतं.

मनवा जेवायला थांबली नाही. रिक्षात बसताना तिच्या मनगटावर अक्षरं आली: 'जुईली मालपुरे यांनी कायमची परवानगी दिली आहे. स्वीकारावी की नाकारावी?' तिनं यातलं काहीच दाबलं नाही.

शुक्रवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. कायद्याच्या बाजूचे वकील आधी बोलले. माणसाचं वाक्य हे त्याच्या श्रमाचं फळ आहे, असं ते म्हणाले. मग मंचाचे अध्यक्ष उठले. आईच्या अंगाईवर शिक्का मारणारा देश मोकळा कसा म्हणायचा, असं ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. मग मनवा उठली. हातात लिहिलेलं भाषण होतं. पहिला परिच्छेद तिनं नीट वाचला आणि कागद खाली ठेवला.

"वाक्य कुणी रचलं यावर तुम्ही भांडताय," ती म्हणाली. "कुडीला त्याहून जास्त कळतं. वाक्य कुणाला लागलं, तेही तिला कळतं." आणि तिनं प्रतिउगम म्हणजे काय ते सगळं सांगून टाकलं. तिसऱ्या रांगेत ओवीताईनं कपाळाला हात लावला. "माझा नवरा बोलला आणि ऐकून दुसऱ्याच कुणाचा खडा चमकला, तर ते मला कळायला नको? घरगुती वाक्यं कायद्यातून वगळू नका. उलट ऐकीव नोंदी उघड्या करा. नवऱ्याच्या बायकोला आणि बायकोच्या नवऱ्याला त्या पाहायचा हक्क द्या. माझी मागणी एवढीच आहे."

"मनवाताई," अध्यक्ष खालच्या आवाजात म्हणाले, "अहो, आपण स्वातंत्र्याच्या बाजूचे!"

मग मागच्या रांगेत एका गृहस्थानं हात वर केला. "मला एक विचारायचंय. किती वर्षं मागच्या नोंदी मिळतील?"

"आणि अर्ज कुठं करायचा?" दुसरीकडून एका बाईनं विचारलं. तिच्या शेजारी बसलेल्या नवऱ्यानं तिच्याकडे वळून पाहिलं.

त्यानंतर स्वातंत्र्य हा शब्द कुणी उच्चारला नाही. हात वर करून मत घ्यायचं ठरलं. आधी लोकांनी आपापल्या जोडीदाराचा हात वर जातोय का ते पाहिलं, आणि मग स्वतःचा वर केला, कारण हात वर न करणं म्हणजे काहीतरी लपवणं झालं असतं. मनवाची मागणी जवळजवळ एकमतानं मान्य झाली.

बाहेर ओवीताईनं तिला गाठलं. "काय करून बसलीस, कळतंय का तुला? लाखात एखादी लहर उठते, मनवा. बाकी साऱ्यांच्या रेघा सरळच असतात. त्या साऱ्यांनी आता त्या बघायच्या? पोळी फुगली नाही म्हणून काय ती पोळी नसते?"

"माझ्या ताटात फुगलेली का नाही पडली, एवढंच विचारतेय मी," मनवा म्हणाली. सोमवारी कार्यालयापुढं लागलेली रांग चौकापर्यंत गेली होती, असं नंतर ओवीताईनं फोनवर सांगितलं.

मधल्या रविवारची गोष्ट. सकाळचे अकरा वाजले होते. मनवा ओट्याशी कढी ढवळत होती. कैवल्य आत आला. त्याच्या कानात भिकबाळी नव्हती. दोन दिवस तो घरात एक शब्द बोलला नव्हता, नुसता कागदावर काहीतरी खरडत आणि खोडत होता.

"मनवा, ऐक जरा," तो म्हणाला. "मी एक केलाय. तुझ्यासाठी. खरंच तुझ्यासाठी."

मनवाचा हात थांबला. बावीस वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. आता, तिला वाटलं, आता चमकेल. पण ते दिसणार कसं? समोर घासून ठेवलेलं स्टीलचं ताट होतं. तिनं ते उचललं, तिरकं धरलं, डोकं किंचित वळवलं. ताटात तिचा कान दिसला, कानातली कुडी दिसली, मधला राखाडी खडा दिसला.

"हं, म्हण," ती म्हणाली.

कैवल्य म्हणू लागला. अडखळत, लाजत, वयाला न शोभेल असं. दोन ओळी होत्या. मनवा डोळ्यांची पापणी न लववता खड्याकडे बघत होती. चमकेल, आता चमकेल. ओळी संपल्या. खडा राखाडीच होता. आणि मग तिच्या ध्यानात आलं की त्या दोन ओळींतलं आपल्याला फक्त आपलं नाव ऐकू आलं.

"काय म्हणालास? परत म्हण ना."

कैवल्यनं तिच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं. त्याला काय कळायचं ते कळलं. तरीही त्यानं परत म्हटलं, शब्द न् शब्द, कार्यालयात फोनवर टाकीची पातळी सांगावी तसं. उखाणा चांगला होता. कधीही न फुटणाऱ्या कढीचा होता. दुसऱ्या कुणाचा असूच शकला नसता. पण आता तो एकदा ऐकून झाला होता. खडा राखाडीच राहिला.

मागं काहीतरी वेगळंच उकळल्याचा आवाज आला. मनवा वळली. पातेल्यात पाणी एकीकडे झालं होतं, कण एकीकडे.

तिनं गॅस बंद केला. पानं घेतली, कढी वाढली, समोर बसली. कैवल्यनं भुरका मारला. बोटाला लागलेलं चाटलं. मनवा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बावीस वर्षं उखाण्यात घेतलेलं ते शेवटचं वाक्य आज पहिल्यांदा तिला लागू होणार होतं.

कैवल्यनं तोंड उघडलं. मग ते वाक्य कुणाच्या नावावर आहे ते त्याला आठवलं, आणि तो मुकाट्यानं जेवत राहिला.